उशीला दुखत नाही

मी एक उशी आहे, आणि हे मी सांगायचं नव्हतं. उशीपाशी माणसं जे पुटपुटतात, जे रडतात, ते उशीतच राहावं असा आमच्यात रिवाज आहे. पण कौशल्याची गोष्ट मी फार वर्षं पोटात ठेवली. आता कापसाबरोबर ती मावत नाही, म्हणून बोलतेय.

माझा जन्म राजगुरुनगरजवळच्या एका खेड्यात झाला, १९६४ साली. कौशल्याच्या आईनं शेवरीची बोंडं फोडून, बिया वेचून माझं पोट भरलं आणि अभ्र्यावर हिरव्या दोऱ्यानं दोन पोपट भरले. रुखवतात मला लाडवांच्या ताटाशेजारी मांडलं होतं. बायका पोपटांचं कौतुक करून लाडवांकडे वळल्या. मग कौशल्याच्या ट्रंकेवर बसून मी दापोडीला आले.

दापोडीचं घर दोन खोल्यांचं, रेल्वेच्या रुळांजवळ. गाडी गेली की फळीवरची भांडी आपोआप वाजायची. घरात कौशल्याचा नवरा सयाजी, सासू सुभद्राबाई, आणि पुढे इंद्रायणी नावाची मुलगी आली, ती इंदू. सयाजी आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात होता. कौशल्या पिंपरीला औषधाच्या कंपनीत बाटल्या तपासायची. बाटली दिव्यासमोर धरायची, उलटी करायची, आत बारीक कण दिसला तर बाजूला काढायची. सकाळी सात ते दुपारी साडेतीन, हेच काम. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. माझ्या शिवणीतला एक दोरा उसवला, तरी तिला दारातून दिसायचा.

१९७४ साली कंपनीत एका बाईचा हात काचेनं कापला. कौशल्यानं स्वतःचा पदर फाडून तो बांधला. डॉक्टर आले, बांधलेला हात पाहून म्हणाले, "कुठे शिकलात?"

"कुठेच नाही," कौशल्या म्हणाली.

घरी येऊन ती माझ्यावर डोकं टेकून जरा आडवी झाली आणि छताकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "कुठेच नाही म्हणजे काय? आता शिकायचं."

चिंचवडच्या एका दवाखान्यानं नोकरी करणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळी नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं होतं. दोन वर्षं, रोज साडेचार ते साडेसहा, आणि रविवारी वॉर्डात काम. तिनं फॉर्म आणला तेव्हा घरात सगळे जेवत होते.

"आदी पोरीचं दप्तर, आता आईचं बी दप्तर?" सुभद्राबाई म्हणाल्या. "आन् भाकरी कोन थापनार? ती रेलगाडी?"

सयाजी आमटी ढवळत म्हणाला, "एक वरीस बघू. पयल्या वर्साची परीक्षा पास झालीस तर पुढं शीक. न्हाईतर तितंच थांबायचं. घर बी हाय ना."

"पास होणार," कौशल्या म्हणाली. "तुम्ही इंदूला शाळेतून आणायचं तेवढं बघा."

झालं. माझं आयुष्य त्या दिवसापासून बदललं. मी पेशंट झाले.

कौशल्या साडेसातला घरी यायची. तरी लगेच चुलीजवळ जाता यायचं नाही. दवाखान्यात कोण कुठल्या रोगाचं असतं कुणास ठाऊक, म्हणून सुभद्राबाईंचा कडक हुकूम होता: आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर. थंडीतसुद्धा ती बादलीभर गार पाणी अंगावर घ्यायची आणि दात वाजवत पीठ मळायला बसायची. भात शिजेपर्यंत मात्र वेळ तिचा असायचा. जुन्या धोतराच्या पट्ट्या इंदू गुंडाळून द्यायची आणि कौशल्या त्या माझ्यावर बांधायची. कधी मी गुडघा व्हायचे, कधी घोटा. पट्टी आठच्या आकड्यासारखी फिरवायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा आला पाहिजे.

मी मऊ, त्यामुळे पट्टी माझ्यावरून घसरायची. मग ती कसून आवळायची. इतकी, की माझे पोपट चिमटून जायचे. पण मला ते आवडायचं. रुखवतानंतर माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. मी चकार शब्द काढला नाही.

वर्गातलं बाकी सगळं तिला सोपं गेलं. थर्मामीटरमधला पारा इतर बायकांना सापडत नसे, तिला पहिल्याच दिवशी दिसला. रोज शेकडो बाटल्या पाहणाऱ्या डोळ्यांना पारा किती लपणार?

परीक्षेला पंधरा दिवस राहिले, तेव्हा वर्ग घेणाऱ्या मेट्रन अरुंधतीबाईंनी बायकांना एकमेकींच्या हातावर बँडेज बांधायला सांगितलं. कौशल्याचं बँडेज सर्वांत देखणं झालं. अरुंधतीबाई जवळ आल्या आणि थांबल्या.

"कौशल्याबाई, हिची बोटं बघा. निळी पडलीत. घरी सराव कोणावर करता?"

"उशीवर."

सगळा वर्ग हसला. अरुंधतीबाई हसल्या नाहीत. "उशीला रक्त नसतं, आणि तोंडही नसतं," त्या म्हणाल्या. "परीक्षेला जिवंत माणूस असेल. हात असा काळानिळा झाला तर मी पास करणार नाही."

त्या संध्याकाळी ती घरी आली, पिशवी ठेवली आणि मला मांडीवर घेतलं. "तू का गं बोलली नाहीस?" असं मलाच म्हणाली आणि रडली. मला पहिल्यांदाच माझ्या गप्प राहण्याची लाज वाटली.

इंदूनं हात पुढे केला. पण तिला गुदगुल्या व्हायच्या, पट्टी लागताच खिदळून दुमडायची. सयाजीची दुसरी पाळी होती. पंधरा दिवसांत जिवंत माणूस आणायचं कुठून?

सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि उजवा पाय लांब केला.

"घे. बांद."

कौशल्या दचकून उठली. "आत्याबाई, थांबा. मी अजून आंघोळ नाही केली."

"ऱ्हाऊ दे. पानी काय पळून चाललंय? परीक्षा पळंल." मग म्हणाल्या, "मी काय उशी न्हाई. दुखलं की वरडनार."

आणि त्या ओरडल्या! पहिल्याच वेढ्याला असा आवाज काढला, की शेजारच्या मंजुळाबाई लाटणं हातात घेऊन धावत आल्या. "काय झालं? सून मारतीय का काय?"

"मारत न्हाई, शिकतीय," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमी जावा, पोळी करपंल."

पुढचे चौदा दिवस तेच. "आवळलं! सैल कर! आता लईच सैल झालं, चालले तर पायात यील." कौशल्या दर वेढ्याला विचारायची, "आत्याबाई, दुखतंय का?" पायाची नखं दाबून ती रंग परत येतो का ते पाहायची. मला सुभद्राबाईंच्या पोटरीखाली ठेवलेलं असे. तिथून मला कळलं, की माणसाचा पाय किती उबदार असतो. बांधता बांधता कौशल्याच्या हातांनाही ते कळलं असावं.

परीक्षेचं सगळं मी घरी ऐकलं, सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. घोटा मुरगळलेला एक पेशंट समोर होता, गलमिश्यांचा, गिरणीतला आडदांड गडी. कौशल्या कामात इतकी बुडाली, की तिसऱ्या वेढ्याला सवयीनं म्हणाली, "आत्याबाई, दुखतंय का?"

तो गडी मिशी सारखी करत म्हणाला, "न्हाई सूनबाई. पर उलीशी सैल करा."

तिनं सैल केली. नख दाबलं, सोडलं, ते गुलाबी झालं. अरुंधतीबाईंनी हसत चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आज पट्टी सगळ्यांनीच बांधली. पेशंटला विचारलं फक्त यांनी."

ती पास झाली.

"मिशीवाल्याला आत्याबाई?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मंग मला काय म्हननार, मामंजी?"

सयाजी टोपी घालून चपला शोधू लागला. "कुठं निघालात?" कौशल्यानं विचारलं. "दुसऱ्या वर्साची पुस्तकं बघतो," तो म्हणाला. "दुकान आठला बंद व्हतं."

दुसरं वर्षही पार पडलं, आणि कौशल्या तिच्याच कंपनीच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून रुजू झाली. तिथली एक उशी फाटली, तेव्हा तिनं मला नेलं. आता १९८२ साल आहे. माझा कापूस दोनदा बदलला, पोपट पुसट होऊन गेले, वर पांढरा अभ्रा चढला. पण रोज कुणाचा ना कुणाचा पाय माझ्यावर असतो, त्यामुळे मजेत आहे.

माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातली बाई शिकायला बसली, तर तिला उशी देऊ नका. आपला हात द्या, पाय द्या. आणि दुखलं, तर माझ्यासारखं गप्प न बसता—

"अहो, ती उशी आणा लवकर! यांचा पाय वर घ्यायचाय!"

आले, सिस्टर! तर मी काय म्हणत होते, दुखलं, तर खुशाल—