फाटक्या पानांचा गठ्ठा

मद्रासला बदली झाली तेव्हा माझ्या बायकोला, प्रमोदिनीला, तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. नुंगंबाक्कमला घर मिळालं ते राजसबाईंच्या माडीवर. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी आमच्या पणजीच्या काळातली, वर तमिळची फोडणी, पण मराठीच. मी ऑफिसला गेलो की अख्ख्या शहरात प्रमोदिनीला बोलायला एवढं एकच माणूस होतं. त्या बाईंशी बिघडू नये, ही आमच्या घरातली पहिली काळजी.

एरवी तिचा उद्योग म्हणजे चिकटवाचिकटवी. साडीच्या दुकानातला निळा कागद, उदबत्तीची वेष्टनं, बसची तिकिटं, मासिकांतली चित्रं, सगळं कातरून खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि त्यातून नवंच चित्र उभं करायचं. ताट ठेवायलाही जागा उरत नसे, म्हणून मी कुरकुरायचो. चित्रं सुरेख व्हायची, पण हे मी तिला कशाला सांगतोय!

एकदा राजसबाई तिला म्हणाल्या, "जिन्याखालीं जुनीं मासिकें आहेत, घे की." जिन्याखाली दोन गठ्ठे होते. एक अख्ख्या अंकांचा, दुसरा सुतळीनं बांधलेल्या फाटक्या पानांचा. आमची बायको पडली भिडस्त! दुसऱ्याचे चांगले अंक कसे कातरायचे, म्हणून तिनं फाटका गठ्ठा उचलला.

त्याच आठवड्यात एका सकाळी खाली आरडाओरडा सुरू झाला. दारात पुस्तकं बांधणारा बाइंडर उभा, आणि राजसबाई फाटका गठ्ठा शोधत होत्या. मद्रासची रीत आम्हाला तेव्हा कळली. साप्ताहिकात कादंबरी हप्त्याहप्त्यानं येते. बायका तेवढी पानं फाडून जपून ठेवतात आणि संपली की पुस्तक बांधून घेतात. उरलेला अंक रद्दीत. म्हणजे धड होतं ती रद्दी, आणि फाटकं होतं ती दौलत.

प्रमोदिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं वरची थोडीच पानं कातरली होती, पण ती नेमकी शेवटच्या प्रकरणाची.

"उंदरांवर ढकल," मी म्हणालो.

"उंदीर कात्रीनं कापतात का?" ती कडाडली, आणि लगेच तिचे डोळे भरले. "आता त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत हो."

तरी गठ्ठा आणि नवं चित्र घेऊन ती खाली गेली. मी मागोमाग, चार पायऱ्या राखून.

राजसबाईंनी गठ्ठा चाळला. शेवट नाही, हे त्यांना कळलं. मग चष्मा लावून त्यांनी चित्र हातात घेतलं. निळ्या कागदाचा समुद्र, तिकिटांची वाळू, आणि काठावर हात उंच केलेली एक बाई.

"ही कुठली गे?"

"तुमच्याच पानांतली, मावशी. मला वाचता कुठं येतं? चेहरा आवडला म्हणून कापली. चुकलं माझं."

राजसबाईंनी चित्र उजेडाकडे धरलं, मग डोळ्यांजवळ आणलं. मी मनातल्या मनात बिऱ्हाड आवरायला घेतलं.

"अय्यो, ही मेली गे शेवटीं!" त्या एकदम म्हणाल्या. "विहिरीच्या कांठावर अशी हात वर करून उभी होती. दोन वर्षें त्या मेल्या लेखकानें मज हिच्या मागें फिरवलें, आणि विहिरींत ढकलली हिला! त्या दिवशीं मज भात गिळवला नाहीं. तूं विहीर काय केलीस?"

"कापून टाकली. काळी होती, शोभत नव्हती."

राजसबाई डोळे पुसत हसल्या. बाइंडरला त्यांनी तमिळमध्ये काहीतरी ठणकावलं. त्यांची मुलगी सरोजा आम्हाला म्हणाली, "अम्मा सांगते, शेवट म्हणून हेंच बांध."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. प्रमोदिनी तर खालच्या पायरीवर बसलीच, हसावं की रडावं तिला कळेना.

"पण रिकाम्या हातानें कशी जाईल गे ती?" राजसबाई चित्रातल्या बाईकडे बोट दाखवत म्हणाल्या. "हातांत एक पिशवी दे हिच्या."

प्रमोदिनीनं नाक पुसलं. "जातेय कुठं?"

"माहेरा. दुसरें कुठें?"

"माहेरी नको, मावशी. तांबरमला शाळेत शिकवायला जाईल ती."

"एकली?"

"एकटी!"

बाइंडर ताटकळला, माझी बस चुकली, आणि त्या दोघी मराठीत भांडतच होत्या.