एकेचाळीस नंबरचं खापर

युबेर्कीला समुद्रतळावरच्या खापरांना नंबरांचे आकडे बांधायचं काम मिळालं होतं, आणि सोळाव्या वर्षी अख्ख्या समाना उपसागरात आपल्यासारखी बुडी मारणारी कुणी नाही, असं तिला तीन दिवस वाटत होतं. तळाशी केवढा ढीग! स्पेनच्या जहाजातले तेलाचे रांजण, सगळे फुटलेले. बुडालेली जहाजं शोधणाऱ्या संशोधक डॉक्टर ग्रिसेल्दा तर आनंदाने रडल्याच. "जहाज इथंच फुटलं, पोरी! आता सगळी सुट्टी इथंच खणायचं."

चौथ्या दिवशी एकेचाळिसाव्या खापराला आकडा बांधताना तिचा हात थांबला. रांजणाच्या कानात जाळ्याचा निळा दोरा अडकला होता, त्याला दुहेरी उलटी गाठ. तशी गाठ गावात एकच माणूस मारतो. तिचा बाबा.

जाळ्यात आलेलं खापर पुन्हा जाळं फाडू नये म्हणून कोळी ते समुद्रातल्या 'खड्ड्यात' नेऊन टाकतात, हे ती लहानपणापासून ऐकत होती. तो खड्डा हाच! म्हणजे हे जहाज नव्हतंच, गावाचा उकिरडा होता.

दुपारी तळलेली केळी तिने ताटातच सोडली. ती उठली, बसली, पुन्हा उठली. बदामाच्या झाडाखाली बाबा जाळं विणत होता.

"काय गं, बुडाला मुंग्या चावल्या का?"

"बाबा, तू खापरं खड्ड्यात टाकतोस ना?"

"आजोबा टाकायचे, मी टाकतो. मग?"

"मग डॉक्टरीणबाई त्यालाच जहाज समजल्यात!"

बाबा इतका हसला की सुई बोटात घुसली. "एवढं शिकून आमचा कचरा मोजतायत?"

"हसू नकोस. खरं जहाज तुझं जाळं फाटतं तिथंच असणार. कुठं ते सांग."

हसू विरलं. "ती जागा मी सख्ख्या भावाला सांगितली नाही. कळली की सरकार मासेमारी बंद करणार. मग खायचं काय, तुझे आकडे?"

ती नुसती किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिली, वाळूत खड्डा पडेस्तोवर. शेवटी बाबाच वैतागला. "चल, बस होडीत."

खडकांच्या रांगेपलीकडे त्याने खुणेसाठी किनाऱ्यावरचा एकटा माड आणि चर्चचा क्रूस एका रेषेत धरला आणि इंजिन बंद केलं. "बघून ये. सांगायचं की नाही, तू ठरव."

ती खाली गेली. प्रवाळाने मढलेल्या दोन तोफा. वाळूत मानेपर्यंत रुतलेले रांजण, अख्खेच्या अख्खे! आणि भोवती मासेच मासे, बाबाचे मासे. एखादा रांजण उचलून घ्यावासा वाटला, पण हात लावला नाही. बाबाने तीस वर्षं हेच तर राखलं होतं. आणि उद्या डॉक्टरीणबाई पुन्हा त्या उकिरड्यावर जीव टाकणार.

वर येऊन ती होडीच्या काठाला लटकली. "बाबा, मी..."

बाबाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो वाकून तिथं लावलेलं आपलं जाळं वर ओढत होता, हातावर हात टाकत, भराभरा.

"सांग, पण आधी हे काढू दे," तो म्हणाला. "नाहीतर तुझ्या डॉक्टरीणबाई यालाही आकडा बांधतील."