गोळा दिसला का?

"बटण आधी नाही दाबायचं, काका. गोळा सुटला, की मग."

तोपचीने कॅमेरावालीकडे नीट निरखून पाहिलं. पोरीचं डोकं ठिकाणावर दिसत होतं.

"म्हणजे वरातीमागून घोडं?"

"अगदी तसंच." ती हसली. "हा कॅमेरा सेकंदाला वीस हजार चित्रं काढतो आणि जुनी पुसत जातो. बटण दाबलं, की शेवटची दोन सेकंदं तेवढी राखून ठेवतो. उशीर केलात, तर गोळा गेला आणि नुसती धूळ उरली, असं व्हायचं."

तिचा मदतनीस तापाने आडवा झाला होता, म्हणून तोफेच्या तोंडावर रोखलेल्या कॅमेऱ्याचं बटण तोपचीच्या हाती आलं होतं. दुसरा कॅमेरा लांब फळीच्या निशाणावर होता, तो ती स्वतः सांभाळणार होती. वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला, जाड काचेमागे, एक बाक आणि एक पडदा. समोर मैदानात तो जुना रणगाडा उभा. संग्रहालयाला त्याच्यासाठी दोनच सरावाचे गोळे मिळाले होते. ते उडाले, की तोफेचं तोंड आजच वेल्डिंगने बंद व्हायचं होतं. वेल्डर लोखंडी चकती घेऊन सकाळपासून येऊन बसला होता.

बाकावर तोपचीचा जुना जोडीदार गिड्डा होता. गुडघे गेलेले, म्हणून घरून उशी घेऊन आलेला. तोपचीने ह्याच रणगाड्यात नऊ वर्षं तोफ डागली आणि नऊ वर्षं ती गिड्ड्याने भरली. भरणाऱ्याच्या बाजूला बाहेर बघायला फट नसते. म्हणून तेव्हा पहिलाच गोळा सुटल्याबरोबर गिड्ड्याने विचारलं होतं, "दिसला का?"

दिसतो कुठला! तोफ उडाली, की धूर आणि धूळ, दुर्बीण आंधळी. पण नव्या तोपचीला लाज वाटली आणि तो म्हणाला, "दिसला." मग काय, सांगणं आलंच. कधी गोळा निखाऱ्यासारखा लाल गेला, कधी झिंगलेल्या माणसासारखा डोलत गेला, एकदा तर एका घारीने त्याला वाट करून दिली. एक थाप पचली, की दुसरी आपोआप सुचते. नऊ वर्षांत एकही गोळा तोपचीने पाहिला नव्हता. आज त्याला तो बघायचा होता, आणि गिड्डा शेजारी बसलेला असताना बघायची भीतीही वाटत होती.

भोंगा झाला. मैदानाच्या साहेबांनी तोफेच्या चापाला बांधलेली लांब दोरी ओढली. काच थरथरली.

तोपचीचा उजवा हात कानाच्या उंचीला वर गेला आणि तिथेच थांबला.

"दाबा! काका, दाबा!"

त्याने दाबलं. पडद्यावर धूळ होती.

"सांगितलं होतं ना मी!" तिचा आवाज चढला. "हात कशाला वर केलात?"

तोपची ओशाळला. हात वर गेल्याचं त्याला स्वतःलाच आत्ता कळलं होतं.

"तो हात माझ्यासाठी असतो, बाई," गिड्डा म्हणाला. "गोळा सुटला, की ह्याने चापावरचा हात वर करायचा. मी तोफेत डोकावून 'रिकामी' म्हणेपर्यंत खाली आणायचा नाही. नाहीतर माझं डोकं जायचं."

ती हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी दोन्ही बटणं मीच दाबू का?"

"नको. तोच दाबेल." गिड्डा उशीसकट सरकून जवळ आला आणि त्याने तोपचीचं मनगट धरलं. "मी धरतो. उठू देत नाही."

दुसऱ्या वेळी हात उठायला गेलाच. गिड्ड्याने सगळा भार टाकला. बटण दाबलं गेलं.

तिने चित्रं हळूहळू सोडली. आधी काहीच नाही. मग रणगाड्याच्या पाठीवरची धूळ एकदम उठली, चादर झटकावी तशी. समोरचं गवत आडवं झालं. तोफेच्या तोंडातून हवेचा फुगा निघाला, त्यामागून धुराचं कडं.

"गोळ्याच्या आधी?" तोपची पुढे झुकला. "आधी वारा येतो?"

"नळीतली हवा. गोळा तिला पुढे ढकलत आणतो."

आणि मग तो आला. राखाडी, स्वतःभोवती फिरत, अजिबात घाई नसलेला. मागून ज्वाळेने त्याला गाठलं, वेढलं, तरी तो तिच्यातून सरळ बाहेर पडला. लाल नाही. डोलत नाही. इतकं सुंदर काही आपल्या हातून नऊ वर्षं सुटत होतं, ह्याचं त्याला रडू आलं.

"गिड्ड्या," तो म्हणाला, "मी तुला सांगायचो ते... मला कधी दिसलाच नव्हता रे."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"उजवा डोळा दुर्बिणीला, डावा माझ्या बाजूला. गोळा सुटताना दर वेळी दोन्ही घट्ट मिटायचास. मला आत बघायला दुसरं होतं काय? तुझंच तोंड."

"मग दर वेळी विचारायचास कशाला?"

"तू दर वेळी नवीन सांगायचास." गिड्डा पडद्याकडे बघत होता. "घारवाला मला ह्याच्यापेक्षा जास्त आवडला होता."

साहेबांनी तोफ मागून उघडून तपासली, मैदानावरचा धोक्याचा झेंडा खाली केला आणि वेल्डरला बोलावलं. तो चकती घेऊन तोंडापाशी पोचला, तेवढ्यात गिड्डा लंगडत मागून आला.

"थांब बाबा. मी अजून बोललो नाही."

वेल्डरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

तोपचीने रणगाड्याच्या बाजूला उभं राहून उजवा हात कानापर्यंत वर केला. तोफेचं तोंड उंच होतं. कॅमेरावालीने आपली पेटी सरकवून दिली. गिड्डा पेटीवर चढला, त्याने टाचा उंचावल्या आणि एक डोळा मिटून नळीत पाहिलं. पलीकडच्या टोकाला उजेडाचा गोल टिकलीएवढा दिसत होता. त्याने बराच वेळ पाहिलं. तोपचीचा हात खाली आला नाही.

"रिकामी," गिड्डा म्हणाला.

तोपचीने हात खाली आणला आणि गिड्ड्याला पेटीवरून उतरायला पुढे केला.