दुसरीनं ठरवायचं पुस्तक

आमच्या वाचनमंडळात एकच नियम होता. नव्या वर्षात काय वाचायचं ते आपलं आपण ठरवायचं नाही, दुसरीनं ठरवायचं. स्वतःवर सोपवलं की माणूस पातळ पुस्तकं निवडतो, असं सुमित्राचं म्हणणं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी आम्ही बायका करोल बागेतल्या तिच्या घरी जमायचो. सगळ्यांचे नवरे केंद्र सरकारच्या नोकरीत. चिठ्ठ्या टाकून जोड्या लागायच्या.

पहिल्याच वर्षी सुमित्रा माझ्या वाट्याला आली. ती पुण्याची ब्राह्मण, मी नागपूरची, आमच्या घरी बुद्धवंदना. मी तिला आमच्यातल्या एका माणसाचं आत्मचरित्र सांगितलं. ते वाचून ती महिनाभर फिरकली नाही. मग एका दुपारी दारात उभी राहून म्हणाली, "शीला, पुढचं सांग." त्यानंतर आम्ही दोघींनी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत.

बाकीच्यांपैकी कुणी मुलांकडे गेल्या, कुणी कायमच्या. यंदा मी मयूर विहारहून मेट्रोनं नोएडाला गेले, सुमित्राच्या मुलाकडे. बाहेर हवेत इतका धूर, की पोचेपर्यंत खोकल्यानं बोलता येईना.

"शीला ना?" मान वाकडी करून, माझ्या कानाकडे बघत सुमित्रानं विचारलं. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. मधलं काही दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात.

"हो. पुस्तक विचारायला आले."

"म्हणजे जिवंत आहेस. खोकल्यावरून वाटलं नाही."

तिची सून केतकी चहा घेऊन आली. दिल्लीतच वाढलेली मुलगी. "आंटी, मी आईंना फोनवर बुक्स लावून दिली. बिल्कुल ऐकत नाहीत."

"तो वाचणारा माणूस मढं उचलतो तेही त्याच आवाजात आणि लग्न लावतो तेही त्याच," सुमित्रा म्हणाली.

"मग मी वाचेन," मी म्हणाले. "रोज, फोनवरून."

"वाच बघू."

मी पिशवीतलं पुस्तक काढलं. पहिलं पान संपायच्या आत धाप लागली. थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकला. सुमित्रानं चाचपडत हात पुढे करून पुस्तक मिटलं.

"पुरे गं. गोष्टीतल्या माणसाच्या आधी तूच जाशील."

आम्ही तिघी हसलो. मी पुस्तक पिशवीत ठेवलं.

"तुझं राहू दे," मी म्हणाले. "मला तरी सांग, यंदा काय वाचू?"

"कशाला? तू वाचशील, धावत सांगायला येशील आणि मी नुसतं हूं हूं करेन. मागच्या वर्षी तेच केलं. तुला कळलं नाही?"

कळलं होतं.

"मग जुनं सांग. डोळे होते तेव्हा वाचलेलं. मी पुन्हा वाचेन, मग बोलू."

"जुन्यांची नावं आहेत डोक्यात. आतलं काही उरलं नाही."

"नुसतं नाव सांग."

चहावर साय धरली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ती माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे.

"तुला हवं ते वाच," ती शेवटी म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं मला असं मोकळं सोडलं नव्हतं. केतकीला वाटलं, बरं झालं, आता आंटींना आवडीचं वाचता येईल. तसं ती म्हणालीही. मी शाल लपेटली आणि तिला गाडी बोलवायला सांगितलं.