खंडेनवमीची बंदूक

आबांना माझं नाव एकाच वाक्यात आठवायचं. "पेमा, बंदूक कुठं ठेवलीस?"

एरवी मी त्यांना कुणीही असायचे. कधी त्यांची थोरली बहीण, कधी दवाखान्यातली नर्स. पण बंदूक आठवली की तिच्या मागोमाग मीही वर यायचे, पोहऱ्याबरोबर विहिरीतलं पान वर यावं तशी.

बंदूक एकनळी होती, परवान्याची. निर्मळच्या आमच्या वाडीत केळी-चिकूवर वडवाघळं उतरली की आबा हवेत एक बार काढायचे. पुढे विहिरी मचूळ झाल्या, केळी करपली, वाडी विकली गेली आणि आम्ही बापलेक एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिलो. तोवर आबांचं विसरणं सुरू झालं होतं. अशा माणसाच्या घरात बंदूक नको, म्हणून मीच ती पोलीस ठाण्यात जमा करून आले. त्यांना सांगितलं, दुरुस्तीला दिलीय.

दिवसातून दहादा विचारायचे, आणि दहादा मी तेच सांगायचे. दोन हजार तीनच्या भादव्यात एकदा माझा डोळा चुकवून ते जिना उतरले. चार तासांनी आचोळ्याला सापडले, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर. अनवाणी, टाचेत काच घुसलेली.

"बाबा बंदूक मागत होते हो," दुकानदार म्हणाला. "मी म्हटलं, खिळे आहेत, कुलपं आहेत, ती नाही आपल्याकडे."

तो हसला. मीही हसले. रिक्षात आबांचा पाय मांडीवर घेतला तेव्हा मात्र मला हसता येईना.

शेजारच्या लतिकानं दुसऱ्या दिवशी माळा उपसला आणि मुलाची जुनी छर्र्यांची बंदूक काढून दिली. चिनी, प्लॅस्टिकची, लांब नळीची, टोकाला नारिंगी टोपण. "स्प्रिंग गेलीय. भंगारवाल्यानंसुद्धा नको म्हटलं," ती म्हणाली. "पण लांबून खरी वाटेल गं. दे त्यांच्या हातात नि सुटका करून घे."

जवळून ती बिचारी खेळणंच वाटत होती. पोरांनी फरशीवरून ओढून ओढून तिची साल काढली होती. काळा रंग उडून खालचं करडं प्लॅस्टिक दिसत होतं, दस्त्यावर कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरला होता.

मी ती चादरीत गुंडाळून जेम्सकडे नेली. जेम्स आमच्या वाडीशेजारचा. वसईत त्याचं स्कूटर रंगवायचं गॅरेज, आणि नाताळ जवळ आला की चर्चमधले संतांचे पुतळे त्याच्याकडे रंगायला येतात.

"काय गो पेमाबाय, दरोडा घालतेस काय?"

मी सगळं सांगितलं. त्यानं बंदूक हातात फिरवली, खाली ठेवली. "रंगवीन गो. पन एक सांग. तुला नावानं हाक मारतात ती तेवढंच विचारताना ना?"

"हो."

"मग विचारू दे की."

"आणि परत जिना उतरले तर? या वेळी काच होती, पुढल्या वेळी गाडी असेल."

जेम्सनं बादली पुढे ओढली आणि साबणाचं पाणी केलं.

आठ दिवस मी शाळेतलं कारकुनीचं काम आटोपून त्याच्याकडे जात होते. तेवढा वेळ लतिका आबांपाशी बसायची. आधी बंदूक धुतली. मग पाण्यातला पॉलिश पेपर घेऊन मी ती घासायचे, एकाच अंगानं, हलक्या हातानं. जेम्स ओरडायचा, "जोर नको गो! प्लॅस्टिक हाय, पाटा-वरवंटा नाय!" पण हाताला एकदा लय सापडली की तोंडाला शब्द सापडतात. आई जात्यावर म्हणायची ते आपोआप आलं:

बाप गं हाक मारी
केळीच्या बागेतून
पान अन् पान हालून
नाव माझं

जेम्सनं खोल ओरखडे लांबीचा लगदा भरून बुजवले, बदाम बुजवला. सुकल्यावर पुन्हा घासलं. प्रायमरचा हात दिला. नळीला बिनचकाकीचा काळा, दस्त्याला शिसवी तपकिरी, आणि अर्धवट सुक्या ब्रशनं लाकडाच्या रेषा. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं कडांवर चोळली, तशा त्या लोखंडागत झळकायला लागल्या. शेवटी नारिंगी टोपणावर काळा हात फिरला.

बंदूक नवीकोरी झाली. आणि तिथंच अडलं.

"आबांची अशी नव्हती," मी म्हटलं.

"मग सांग कशी होती."

मी डोळे मिटले. नळीवर, मधोमध, विहिरीच्या काठावर आपटून पडलेली खोक. आबा पाण्याच्या पाटात घसरून पडले होते आणि आधी बंदुकीला काय झालं ते बघत होते; मी सात वर्षांची, हसून लोळले होते. दस्ता चिरलेला, त्याला तांब्याच्या तारेचे अकरा वेढे. गाल टेकायचे तिथला रंग उडालेला. बोट ठेवायचे तिथं गुळगुळीत खळगा. एकेक खूण मी सांगत गेले आणि जेम्स कानशीनं, तारेनं, चिंधीनं ती उमटवत गेला. आधीचे ओरखडे पोरांचे होते, ते आम्ही घालवले. आता आबांचे पाडत होतो. वजन येईना, म्हणून त्यानं पाचूबंदरहून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि दस्त्यात भरल्या.

काम संपल्यावर जेम्स हात पुसत म्हणाला, "साठ पुतळे रंगवले असतील. कुनाला खरं वाटावं म्हनून रंगवलेलं हे पहिलंच."

मला एकच भीती होती. ज्या माणसानं जन्मभर अंधारात नुसत्या स्पर्शानं बंदूक ओळखली, तो पहिल्याच झटक्यात ती माझ्या अंगावर फेकील.

खंडेनवमीला पाट मांडला. वाडीतलं आता उरलं होतं ते एक कोयता आणि चिकू काढायचा झेला. त्यांच्याशेजारी बंदूक ठेवली, झेंडू वाहिला. जेम्सही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आबांना न्हाऊ घातलं होतं, धोतर नेसवलं होतं. ते पाटाशी बसले.

बराच वेळ नुसते बघत राहिले. मग हात पुढे केला. नळीवरून बोट गेलं, खोकेपाशी थांबलं. तारेवरून गेलं. दस्ता त्यांनी गालाला लावला आणि डोळे मिटले.

"आली," आबा म्हणाले.

एवढंच. हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. लतिकानं पदर डोळ्याला लावला. जेम्स खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होता. त्या दिवशी आबा पोटभर जेवले, बंदूक शेजारी घेऊन झोपले. मीही कित्येक महिन्यांनी दाराला आतून कुलूप न घालता झोपले.

दसऱ्याला काही विचारलं नाही त्यांनी. एकादशीला नाही. कोजागरीला मला कळलं की मी कान लावून बसलेय.

"बरं झालं बाई," लतिका म्हणाली. "कसे शांत झालेत. लेकरासारखे."

शांतच झाले होते. जिना नाही, दाराकडे जाणं नाही, बोलणंही नाही. भरवलं की खायचे. मी मुद्दाम समोर जाऊन बसायचे, ते माझ्यापलीकडच्या भिंतीकडे बघायचे.

मग मी बंदूक लपवली. आबा न्हाणीघरात असताना उचलली, लतिकाला त्यांच्यापाशी बसवलं आणि जेम्सकडे देऊन आले. येताना रिक्षात देवाला म्हणत होते, विचारू दे, दहादा विचारू दे, जिना उतरू दे, मी मागं मागं जाईन.

तो दिवस गेला, दुसराही गेला. त्यांच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर त्यांनी एकदा हात ठेवला, चादर सारखी केली, आणि हात परत मांडीवर घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. त्यांच्या पायाशी बसले, दोन्ही गुडघे धरले. "आबा, काही हरवलंय का तुमचं? आठवा ना. काय हवंय? माझ्याकडे मागा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीनं.

"काही नको बाई," ते म्हणाले. "फार केलंत तुम्ही. आता जा घरी. तुमची माणसं वाट बघत असतील."