लाकडी बूट

“थांबा, काका! थांबा!”

कालव्याच्या काठावरून हिस्के ओरडत होती, पण पुलावरच्या केबिनमधल्या वीब्रेनने मान वर केली नाही. उचललेला पूल खाली आणायचं बटण त्याने दाबून धरलं होतं.

वसंतापासून हिस्के आणि तिच्या टोळीतली पोरं त्याला छळत होती. पूल वर जायला लागला की त्याच्या टोकाला लोंबकळायचं, उंचावरून पाण्यात उडी मारायची आणि त्याचा व्हिडिओ जगाला दाखवायचा. एकदा तो खिडकीतून ओरडला, “उतरा रे माकडांनो!” हिस्केने ते नेमकं टिपलं, ढोलाच्या तालावर बसवलं आणि अख्ख्या फ्रीसलँड प्रांताला ऐकवलं. तेव्हापासून बेकरीतली आफकेसुद्धा पाव बांधताना विचारायची, “काय वीब्रेनभाऊ, उतरली का माकडं?” तो हसायचा, पण मनाला लागायचं. शेवटी त्याने ठरवलं, पोरं कितीही ओरडोत, त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही.

आताही शिडाची होडी पलीकडे गेली होती. गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट त्याने खाली सोडला, होडीवाल्याने त्यात पुलाच्या टोलाची नाणी टाकली, बूट वर आला. आता पूल खाली.

खण्ण! केबिनच्या काचेला तडा गेला. काहीतरी काळं, चपटं पाण्यात पडलं. वीब्रेनचं बोट बटणावरून सुटलं आणि पूल जागच्या जागी थांबला.

पुलाच्या पलीकडच्या अंगाला, केबिनमधून दिसत नाही तिथे, त्या पोरांतला योरिट लोंबकळत होता. बाकीच्यांनी उड्या मारल्या होत्या. त्याची हिंमत झाली नव्हती. पूल टेकला असता तर बोटं लोखंड आणि दगडाच्या मध्ये चिरडली असती.

हात सुटून तो पाण्यात पडला, खोकत काठाला लागला. वीब्रेन धावतच जिना उतरून आला.

“हात दाखव,” तो म्हणाला. त्याने पोराचं एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

“घरी सांगणार, काका?”

“सांगणार. आधी कोरडा हो.” तो हिस्केकडे वळला. “मोबाईल फेकलास?”

“दुसरं काही हातात नव्हतं.” तिला रडू आवरेना. “तुम्ही बघतच नव्हता. माझ्या त्या व्हिडिओमुळेच ना?”

“बघायला हवं होतं. माझं कामच आहे ते.”

या पोरीचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत, हे त्याला कळत होतं. पण असलं काही बोलायला त्या मुलखात कुणाची जीभ वळत नाही. तो परत वर गेला.

दुसऱ्या दिवशी हिस्के काठावर एकटीच बसली होती, रिकाम्या हातांनी. अचानक तिच्या पुढ्यात लाकडी बूट येऊन लोंबला. आत आफकेच्या कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा होता, गुलाबी साखरेच्या थराचा, संत्र्याच्या वासाचा.

“काका, इथे होडी कुठाय?”

“माहीत आहे मला.”

तिने केक काढून घेतला. वर्षानुवर्षं जड होऊन वर येणारा बूट आज हलका होऊन वर आला.

एवढ्यात एक होडी आली. पूल उचलला गेला, होडी पलीकडे गेली. खाली आणायच्या आधी वीब्रेन खिडकीतून वाकला आणि काठाकडे बघत राहिला.

“पलीकडे कुणी नाही, काका,” हिस्के म्हणाली.

मग त्याने बटण दाबलं.