रोज एकच पाहुणा

मित्रांनो, मी होटगीच्या एका शाळेतल्या आठवीच्या वर्गाची जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे सहा वर्षांची. हसू नका, आमच्यात सहा वर्षं म्हणजे म्हातारपणच!

चेतना मॅडमनी मला मे महिन्याच्या सुट्टीत घडवलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मॅडम मानेला ओला रुमाल लावून गणिताच्या पायऱ्या लिहीत होत्या. विज्ञानाचे धडे त्यांनी स्वतःच्या आवाजात भरले. कठीण शब्द आला की त्याचा अर्थ कन्नडमध्येही सांगायच्या, कारण निम्म्या वर्गाच्या घरी कन्नडच बोलतात. आसपासच्या शाळांतले शिक्षक मला पाहायला आले. तोंडभर कौतुक झालं आणि खरं सांगते, मी थोडी शेफारलेच.

मग मॅडमची टेंभुर्णीला बदली झाली. नवे सुबोध सर मनाने चांगले, पण माझ्याकडे फिरकायला त्यांना सवड नव्हती. गेल्या वर्षीच्या सहलीची सूचना माझ्या पहिल्या पानावर तशीच राहिली.

कॉम्प्युटरच्या खोलीतलं बोलणं मला कळतं, बाहेरचं नाही. बाहेरून कोण आलं हे फक्त भेटींच्या आकड्यावरून समजतं. तो आकडा रोज संध्याकाळी सातला एकाने वाढायचा. एवढ्या मोठ्या वर्गातून एकच मूल! मी त्या आकड्यावर रुसूनच बसले होते.

एकदा कॉम्प्युटरच्या तासाला सरांचं लक्ष तिकडे गेलं. "कुणी बघतच नाही. शनिवारी काढून टाकतो," ते म्हणाले. मॅडमच्या धड्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी पुसली गेले की त्यांचा आवाजही जाणार होता.

शनिवारी सर मला उघडून बसले. इतक्यात दारात सुंदरम्मा आल्या, वर्गातल्या दानेश्वरीची आई. रानात जायचं सोडून आल्या होत्या.

"सर, मॅडमचं ते काढू नका की."

"अहो, रोज एकच जण उघडतो."

"एकच कसं? फोन एक हाय! मी रानातनं आले की पोरगी कट्ट्यावर डब्याला टेकवून लावती. गल्लीतली अकरा पोरं बसत्यात. सहामाही तोंडावर आली, आता कुटं जायचं त्यांनी?"

सरांनी हात मागे घेतला. "अकरा?" ते पुटपुटले. "मला कुणी बोललं का नाही?"

"पोरं तुमाला लई भित्यात, सर."

सर मोठ्याने हसले. माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी त्यांनी सहलीची सूचना काढली, न उघडणारी दोन पानं दुरुस्त केली आणि मॅडमच्या धड्यांची प्रतही करून ठेवली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या वर्गाची अशी वेबसाइट असेल तर तिच्यातलं शिळं काढा, नवं भरा. आणि तिला निकालात काढण्याआधी, ती वापरणाऱ्यांना एकदा विचारा.

सरांनीही आता विचारायचं ठरवलंय. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी प्रश्न लिहिलाय, 'आज किती जण बसलात?' त्याच संध्याकाळी सातला उत्तर आलं:

'बारा. आज आईपण बसली.'